डिझेलची पाळी

मोबाईलवरच्या खेळात मी ट्रक चालवायचे, म्हणून मला हसणाऱ्यांची शिक्रापुरात कमतरता नव्हती. पहिला नंबर नवऱ्याचा. "दारातनं दिवसभर ट्रक जात्यात, ते पुरत न्हाईत व्हय तुला?" असं तो विचारायचा. नाही पुरत. आमचं घर हमरस्त्याला लागून आहे, मागं भाड्यानं द्यायच्या खोल्या आहेत. लग्न झाल्यापासून मी त्या ट्रकांची धूळ पुसते, त्यांचे हॉर्न ऐकते आणि भाजी आणायला पलीकडं जायचं तर पदर सावरत त्यांच्या मर्जीची वाट बघते. त्यातल्या एकाचं तरी स्टिअरिंग आपल्या हातात असावं असं वाटलं, तर त्यात दात काढण्यासारखं काय आहे?

खेळ विकत घेतला दादानं. "विकत घेतला" असं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण जाहिरातीत तसंच लिहिलं होतं. एकदाच पैसे भरा, कायमचे मालक व्हा. माझं माहेर भीमेच्या पलीकडं, यवतजवळ. दादा तिथं शेती बघतो, आणि माझ्या पाठचा भाऊ, धाकटा, कुरकुंभला कारखान्यात आहे. त्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा दादा सोफ्यावर पडून फोनवर ट्रक पळवत होता आणि प्रत्येक वळणावर गटारात घालत होता. मी म्हटलं, आण इकडं. फोन हातात घेतला तो वहिनीनं जेवायला तिसऱ्यांदा हाक मारेपर्यंत सोडला नाही. एक डोंगर चढून मी बर्फाच्या रस्त्याला लागले होते. दोन्ही बाजूंना पांढरं, मध्ये माझा ट्रक, मागं चोवीस टन लोखंड. आयुष्यात मी महाबळेश्वरच्या पुढं गेलेली नाही.

मग दादाच्या खात्यावरच आम्ही तिघं भावंडं खेळायला लागलो. खात्यात एक ट्रान्सपोर्ट असते, तिचे ट्रक असतात, माल पोचवला की आणखी ट्रक येतात. ट्रान्सपोर्टला आम्ही मळ्याचं नाव दिलं. धाकटा गाड्या रंगवायचा, दादा कुठला माल घ्यायचा ते ठरवायचा, आणि लांबचे, अवघड, घाटाचे रस्ते माझ्याकडं. ट्रान्सपोर्ट मोठी झाली ती माझ्या ड्रायव्हिंगवर. हे मी फुशारकीनं सांगत नाही, दादा स्वतः तसं म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी अपडेट आलं आणि ट्रकला डिझेल लागायला लागलं. म्हणजे तोवर ट्रक काय हवेवर चालत होते? टाकी संपली की ट्रक रस्त्याच्या कडेला उभा, आणि टाकी आपोआप भरायला पुरा दिवस. लगेच पाहिजे असेल तर पैसे भरा. मी भाडं घेणारी बाई आहे. माणसाकडून पैसे कसे काढायचे हे मला कुणी शिकवायला नको. पण विकून टाकलेल्या खोलीला वर्षभरानं कुलूप लावायचं आणि आत राहणाऱ्याला सांगायचं, की किल्लीचं भाडं वेगळं पडेल, एवढं मला कधी सुचलं नाही. सुचलं असतं तर आज पुण्यात बंगला असता.

कुणी चिडून खेळ टाकला, कुणी पैसे भरले. आम्ही आमच्याकडची रीत काढली. पाळी लावली.

हे कसं आमच्या डोक्यात आलं ते सांगते. आमच्या वडिलांची आणि चुलत्यांची विहीर सामाईक. उन्हाळ्यात उपसा झाला की मोटार बंद करून पाणी चढेपर्यंत थांबायचं, आणि चढलेलं पाणी ज्याची पाळी त्याचं. दोघा भावांचं बांधावरनं फाटलं, बोलणं बंद झालं, एकमेकांच्या लेकींच्या लग्नांना गेले नाहीत, पण पाळी कधी मोडली नाही. चुलते मोटार बंद करून गेले की वडील जायचे. आता खेळातलं डिझेलही सावकाश चढतं म्हटल्यावर दुसरं काय करणार? आज दादाची टाकी, उद्या धाकट्याची, परवा माझी. तिघांपैकी कुणाच्याही मनाला शिवलं नाही, की यात काही चुकीचं आहे.

खेळ एका वेळी एकाच फोनवर चालायचा. दुसऱ्या फोनवर उघडायचा तर दादाच्या नंबरवर आकडे यायचे, ते मला सांगावे लागायचे. त्यामुळं माझ्या पाळीच्या दिवशी दादाला फोन करायचा.

"दादा, ओटीपी सांग."

"थांब गं, फ्लावरला पाणी चालू हाय, हात चिखलाचं हायेत."

मग तो हात धुऊन आकडे सांगायचा, आणि सांगता सांगता बाकीचंही निघायचं. बाजार पडला, म्हैस व्यायली, वहिनीची कंबर धरली. मागच्या वर्षी वडील गेले. बाप गेल्यावर भाऊ-बहीण सणापुरते उरतात हे मी भोवताली बघत आले आहे. आमचं तसं झालं नाही ते या आकड्यांमुळं. दर तिसऱ्या दिवशी बोलणं व्हायचंच. त्या कंपनीचं माझ्यावर एवढं एक उपकाराचं काम, आणि तेही त्यांच्या नकळत झालेलं.

बाकी त्यांचं एकही काम धड नव्हतं. डिझेलनंतर जाहिराती आल्या. पैसे भरून घेतलेल्या खेळात, घाटाच्या ऐन वळणावर, साबणाची जाहिरात. ती बंद करायची फुली इतकी बारीक, की माझं बोट हटकून जाहिरातीवर पडायचं आणि साबणाचं दुकान उघडायचं. मग नशिबाच्या पेट्या आल्या. पैसे देऊन पेटी उघडायची, आत काय निघेल ते देवाला ठाऊक. धाकट्याला एक हिरवी केबिन पाहिजे होती. त्यानं किती पेट्या फोडल्या ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही, आणि निघाले काय, तर हॉर्नचे आवाज. चावडीमागं पत्ते कुटणाऱ्यांना पोलीस गाडीत घालतात. हे पत्ते खिशात घेऊन हिंडता येतात, तर त्याला अपडेट म्हणायचं.

आणि एक दिवस बर्फाचा रस्ता गेला. नकाशावर तिथं नुसतं धुकं. धुक्यावर बोट ठेवलं की पाटी यायची: हिवाळी पास घ्या. माझा रस्ता! पहिल्या दिवशी मी त्यावरूनच गेले होते. तो आम्ही विकत घेतलेल्या खेळात होता, कोपऱ्यावरच्या दुकानात वेगळा मिळत नव्हता. आमचंच काढून घेऊन आम्हालाच विकायला आणलं, वर सवलतीत! मी त्या दिवशी एवढी चिडले, की पोळ्या करपल्या आणि नवऱ्यानं पहिल्यांदाच न हसता विचारलं, झालं काय.

मी तक्रार लिहिली. खेळाच्या पानावर, मराठीत, एक चांदणी देऊन. लिहिलं की तुम्ही चोर आहात, विकलेला माल परत घेता, तुमच्या घरात आयाबहिणी आहेत की नाही. दुसऱ्या दिवशी खाली उत्तर आलं, तेही मराठीत: "आपल्याला आमचा खेळ आवडला हे वाचून आनंद झाला. पाच चांदण्या देऊन आमचा उत्साह वाढवा." यंत्राला शिव्या देऊन काय मिळणार? तरी मी दिल्या. मोठ्यानं दिल्या, स्वयंपाकघरात उभं राहून.

आमच्या मागच्या खोलीत बिहारचा एक भाडेकरू होता, वेल्डर. तो बंदुकीचा कुठलासा खेळ खेळायचा. माझा आवाज ऐकून दारात आला आणि म्हणाला, "भाभी, गुस्सा मत कीजिए. सब गेमवाले ऐसे ही हैं. आपने खरीदा ही नहीं है, पढ़ के देखिए." त्यानंच माझ्या फोनवर नियमांचं ते लांबलचक पान काढून दिलं, ज्याला आपण सगळे न वाचता "मान्य" करतो. चष्मा लावून मी ते पूर्ण वाचलं. मराठी असं, की दगड चघळावेत. पण एक वाक्य नीट कळलं: हा खेळ आपल्याला विकलेला नाही, वापरण्यास दिलेला आहे, आणि ही परवानगी कंपनी केव्हाही काढून घेऊ शकते.

मी त्या वेल्डरला म्हटलं, "तुमको मैं कभी भी निकाल सकती हूँ क्या?" तो म्हणाला, नहीं भाभी, ग्यारह महीने का एग्रीमेंट है. बरोबर. खोली रिकामी करून घ्यायची तर मी त्याला महिनाभर आधी सांगायला बांधलेली, आणि "घर घ्या, मालक व्हा" अशी पाटी लावून मी त्याला आत घेतलेलं नाही. माझ्यासारख्या सात खोल्यांच्या मालकिणीला जेवढी लाज आहे तेवढीही या लोकांना नाही.

मग खातंच बंद झालं.

दिवस माझा होता. टाकी भरलेली होती. दादाला फोन केला तर तो म्हणाला, आकडे आलेच न्हाईत, काहीतरी मेल आलाय, बघतो. मेल असा होता: हे खाते एकापेक्षा जास्त व्यक्ती वापरत असल्याचे आढळले आहे, हा नियमभंग आहे, खाते गोठवण्यात आले आहे. ते सुटायचं असेल तर खातेदार सोडून बाकीच्यांनी आपापल्या फोनवरून "मी हे खाते सोडत आहे" या बटणावर बोट ठेवायचं. महिन्यात ठेवलं नाही, तर खातं कायमचं पुसलं जाणार, ट्रान्सपोर्टसकट.

एका विहिरीवर तीन घरं पाणी भरतात, हा गुन्हा. तिघांनी तीन विहिरी खणाव्यात, आणि तिन्ही यांच्याकडूनच विकत घ्याव्यात, हा न्याय. धाकट्यानं त्याच दिवशी बटण दाबलं. मला फोन करून सांगितलं, "ताई, दाबून टाक. दादाचं तरी वाचंल." मी म्हटलं, बघते. मी दाबलं नाही. मी कंपनीला पुन्हा लिहिलं, की आम्ही सख्खी भावंडं आहोत, एका वेळी एकच जण खेळतो, तुमचं काय गेलं? उत्तर आलं, की आपल्या संयमाबद्दल आभार.

पंधरा दिवसांनी दादाचा फोन आला. आवाज गोड होता. वडिलांचं वर्षश्राद्ध उरकलं होतं, आणि जमिनीवर भावांची नावं लावायची राहिली होती. त्यासाठी दौंडला जाऊन मी हक्कसोडीवर सही करायची होती. यात वाद नव्हता. आमच्याकडं बहिणी करतात. साडी घेतात, जेवतात, सही करतात, आणि माहेरचं दार उघडं राहतं असं म्हणतात. मीही मनाशी धरून चालले होते, की करू. दादा म्हणाला, "ये शनवारी, राहा, सोमवारी दौंडला जाऊन येऊ. आन् त्ये गेमचं पण इथंच दाबून टाक, दोन्ही कामं व्हत्यात."

शनिवारी दुपारी मी माहेरी पोचले. चहा झाला. दादानं माझ्या हातात माझाच फोन दिला आणि म्हणाला, "हां, दाब."

मी म्हटलं, "दादा, आधी एक सांग. ट्रान्सपोर्ट चालू झाली की माझी पाळी कशी करायची?"

"आता पाळी कुठली? कंपनी म्हणती एकच माणूस."

"मी इथं आले की तुझ्या फोनवर खेळंन. कंपनीला काय दिसतंय?"

"परत गोठवलं म्हंजी? नको ती झंझट."

"अरे, पण निम्म्याहून जास्त ट्रक मी कमावलेत. तूच म्हणायचास."

"मी कुठं न्हाई म्हणतोय? पण खातं माझ्या नावावर हाय. नंबर माझा, पैसे मी भरलं."

"आणि माझा काहीच हिस्सा न्हाई?"

दादा चिडला. त्याला चिडायला वेळ लागत नाही, आमच्या घरात कुणालाच लागत नाही. तो म्हणाला, "हिस्सा? तुला हिस्सा कुणी दिला व्हता? खेळायला दिलं व्हतं. घेतलं परत, संपलं!"

हे वाक्य मी चष्मा लावून आधीच वाचलं होतं. फक्त तिथलं मराठी वाईट होतं, दादाचं स्वच्छ होतं. मला वाटतं, त्याच्या तोंडून ते गेमसाठीच निघालं. जमिनीचं त्याच्या डोक्यात नसणार, तो एवढा आतल्या गाठीचा नाही. पण माझ्या डोक्यात ते सरळ जाऊन विहिरीत पडलं. मला एकदम दिसलं, की सोमवारनंतर मी या घरात कोण असणार आहे. येईन, राहीन, चहा घेईन, आणि ज्या दिवशी यांना वाटेल त्या दिवशी माझ्या जागी धुकं असेल. राग एवढा आला, की कानशिलं गरम झाली.

मी बटणावर बोट ठेवलं. खाली तिघांचे ट्रक एका रांगेत दिसत होते, ते गेले. फोन त्याच्यापुढं धरला.

"हे बघ. खेळायला दिलं होतंस, परत केलं. सोमवारी मी दौंडला येत न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी सही करत न्हाई. विहीर मला कुणी खेळायला दिलेली न्हाई. ती बापाची हाय, आन् बाप माझा पण व्हता. पाळी लावा तिघांची."

दादा आधी हसला. मग म्हणाला, "एका गेमवरनं? अगं, डोकं फिरलंय का तुझं? एका फालतू गेमवरनं तू भावांवर दावा लावणार?" मी म्हटलं, फालतू होता तर माझ्याकडून सोडवून घ्यायला एवढा गोड आवाज कशाला काढलास? त्यानं धाकट्याला फोन लावला. धाकटा फोनवरून ओरडत होता ते मला समोर बसून ऐकू येत होतं. "नवऱ्यानं शिकवून पाठवलंय" असं काहीतरी. नवऱ्याला बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. दादा उठून मळ्यात निघून गेला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

मी पिशवी उचलली. राहायचे कपडे आणले होते, ते तसेच परत. घाबरले होते, हेही लिहायला पाहिजे. पायात चप्पल घालताना या उंबऱ्यात आपण पुन्हा कधी येणार ते कळत नव्हतं. तरी आत वळून "बरं, करते सही" असं म्हणायला जीभ उचलेना.

वहिनी फाट्यापर्यंत सोडायला आल्या. दादाच्या लग्नापासून आमच्यात कधी शब्द झालेला नाही. मला वाटलं, समजूत घालतील. फाट्यावर झाडाखाली थांबलो तेव्हा त्यांनी माझा दंड धरला, चांगला घट्ट.

"वन्सं, म्या सोडलं का न्हाई माझ्या म्हायेरचं? चार एकर बागाईत. एका शब्दानं इचारलं का मला कुणी? ह्यांनीच गाडीत घालून नेलं सहीला. तवा तुम्ही पण व्हता, साडी लई छान हाय म्हणालात. मंग आता माझ्या पोरांच्यातलं तुम्ही कशापायी घेताय?"

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही पण मागायचं होतंत."

त्यांनी दंड सोडला. "मागायचं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं अशा बघत राहिल्या, की मला वाटलं आता मारतात. बस आली. मी चढले. खिडकीतून बघितलं तेव्हा त्या पाठ फिरवून घराकडं निघाल्या होत्या.